मोती तलावाकाठची वाडी

कोकणातल्या गावांची ओळख समुद्रावरून सांगायची आपली जुनी सवय. मालवण म्हटलं की सिंधुदुर्ग किल्ला, वेंगुर्ला म्हटलं की बंदर आणि दीपगृह, देवगड म्हटलं की खाडी आणि हापूस. सावंतवाडीला समुद्र नाही. तो इथून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. सावंतवाडीला आहे तो तलाव, आणि तोही गावाबाहेर कुठे आडबाजूला नाही. गावच त्या तलावाभोवती बसलेलं आहे. एका काठाला राजवाडा, दुसऱ्या काठाला बाजारपेठ, वर नरेंद्र डोंगराची झाडी आणि मधे पाणी. आमच्या बाजूची माणसं या गावाला नुसतं 'वाडी' म्हणतात. जिल्ह्यात वाड्या शेकड्यांनी आहेत, पण 'वाडीत जातंय' असं कुणी म्हटलं की कुठली वाडी, हे विचारावं लागत नाही.

मी या वाडीत तीसेक वर्षं राहतो आहे. पाहुणे येतात, संध्याकाळी तलावाला फेरी मारतात, केशवसुत कट्ट्यावर टेकतात आणि म्हणतात, "निसर्गाने तुम्हाला काय दिलंय हो!" श्रोतेहो, आजच्या भाषणात मला या वाक्याविषयीच बोलायचं आहे. कारण आमच्या गावातली सर्वांत सुंदर गोष्ट निसर्गाने दिलेली नाही. ती माणसांनी केलेली आहे आणि माणसांनीच टिकवलेली आहे. तलावाच्या बाबतीत हे जितकं खरं आहे, तितकंच इथल्या कलांच्या बाबतीतही खरं आहे.

सुरुवात थोडी मागून करू. सावंत भोसल्यांचं हे छोटं राज्य. गोव्याचे पोर्तुगीज, कोल्हापूरचे छत्रपती, मालवणचं आरमार आणि मुंबईकर इंग्रज अशा चौघांच्या मधे सापडलेलं. त्यामुळे त्याचा इतिहास म्हणजे लढाया, तह आणि पुन्हा लढाया. राजधानीचं जुनं नाव सुंदरवाडी. सावंतांची म्हणून पुढे ती सावंतवाडी झाली. या घराण्यातले तिसरे खेमसावंत १७५५ साली गादीवर आले आणि १८०३ पर्यंत राहिले. ग्वाल्हेरच्या जयाप्पा शिंद्यांची मुलगी लक्ष्मीबाई त्यांच्या राणी. दिल्लीच्या बादशहाकडून त्यांना 'राजेबहादूर' किताब मिळाला. आज तलावाकाठी आपण जो राजवाडा पाहतो, त्याची उभारणी याच खेमसावंतांच्या काळातली मानली जाते.

त्या काळात या राज्याला समुद्र होता. बंदरं होती, गलबतं होती आणि त्यावरून इंग्रजांशी सतत कुरबुरी होत्या. १८१२ च्या तहाने वेंगुर्ल्याचं बंदर इंग्रजांकडे गेलं. १८१९ च्या तहाने कर्ली नदीपासून पोर्तुगीज हद्दीपर्यंतचा सगळा किनारा गेला. पुढे १८३८ मध्ये इंग्रजांनी राज्याचा कारभारच आपल्याकडे घेतला. १८४४ च्या सुमाराला मनोहर-मनसंतोष गडांच्या परिसरात मोठं बंड पेटलं, तेही मोडलं गेलं. म्हणजे १९ व्या शतकाच्या मध्यावर परिस्थिती अशी की राजधानी आहे, राजवाडा आहे, राजे आहेत, पण लढायला लढाई नाही आणि राखायला किनारा नाही.

मोती तलावाला आजचं रूप आलं ते यानंतर, १८७४ साली. डोंगरांवरून येणारं पाणी सखल जागी अडवून, बांध घालून, काठ बांधून केलेला हा तलाव. समुद्र गेला म्हणून तलाव बांधला, असं मी म्हणणार नाही. इतिहास इतका सोपा नसतो. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावरची गावं समुद्राला नारळ देतात. त्याच दिवशी सावंतवाडीत मोती तलावाला नारळ अर्पण केला जातो. नारळ द्यायला खारं पाणीच पाहिजे, असा हट्ट आमच्या गावाने धरला नाही.

लढाई संपल्यावर राजधानीचं गाव काय करतं? पुष्कळ संस्थानी गावं उतरणीला लागली. सावंतवाडीत मात्र हाताच्या कामाला बरकत राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी काढलेल्या 'इंपीरियल गॅझेटियर'मध्ये इथल्या उद्योगांची यादी आहे. कापडावर आणि चामड्यावर सोन्या-चांदीचं भरतकाम, वाळ्याचे पंखे, करंड्या आणि डबे, त्यांवर जर आणि भुंग्यांचे चकचकीत पंख बसवलेले, म्हशीच्या आणि गव्याच्या शिंगांच्या शोभेच्या वस्तू, लाखेची खेळणी, आणि खेळायचे पत्ते, म्हणजे गंजिफा. १९०१ च्या शिरगणतीत या गावाची वस्ती १० हजारांच्या आसपास होती. एवढ्याशा गावात इतके कारागीर पोट भरत होते.

त्यांना पोसत कोण होतं? एक तर दरबार. दुसरे अधिकारी, वकील, सावकार आणि व्यापारी. वेंगुर्ल्याहून आंबोलीच्या घाटाने बेळगावकडे जाणारा माल या बाजूने जायचा, त्यामुळे पेठेत पैसा खेळत होता. तिसरी होती मुंबईची मनीऑर्डर. या मुलखातले तरुण पलटणीत जात, मुंबईला कामाला जात आणि पैसे घरी पाठवत. घरात लग्न निघालं की चितारआळीत रंगीत पाटांची मागणी जायची. बारसं निघालं की पाळण्यावर टांगायची खेळणी यायची. मुलगी चालायला लागली की भातुकली. म्हणजे दरबाराची मिजास आणि साध्या घरांची गरज, अशा दोन पायांवर हे काम उभं होतं. आपण बहुतेक वेळा पहिल्याचंच कौतुक करतो आणि दुसऱ्याला विसरतो.

चितारी म्हणजे चित्र काढणारा. लाकूड बहुधा पांगाऱ्याचं, कारण ते हलकं आणि कोरायला मऊ. त्यातून आंबा, केळं, सीताफळ, कारलं, वांगं असं काय काय निघतं, आणि रंग चढला की टोपलीतलं खरं कुठलं आणि लाकडाचं कुठलं, हे हात लावल्याशिवाय कळत नाही. पण या आळीतलं सर्वांत नाजूक काम ते गंजिफाचं.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. हा खेळ मोगलांबरोबर हिंदुस्थानात रुजला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हुसेनला गंजिफाचा संच पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगल गंजिफाचे आठ रंग आणि ९६ पत्ते. आपल्याकडच्या लोकांनी तो खेळ उचलला आणि त्यात दशावतार बसवले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पत्ते, असे एकूण १२० पत्ते. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवं, परशुरामाच्या रंगात परशू. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही खेळता यावं, अशी ही सोय. जुन्या पद्धतीत कापडाचे तुकडे चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचं, मग बोटभर जागेत आख्खा अवतार रंगवायचा आणि वर लाखेचा हात द्यायचा. असे १२० पत्ते झाले की एक संच.

आता या संचाशी छापील पत्त्यांनी काय केलं असेल, हे सांगायला नको. ५२ पत्त्यांचा विलायती जोड पेठेत स्वस्तात मिळू लागला. तो खिशात मावायचा, फाटला तर नवा घेता यायचा. देशभरातच गंजिफा मागे पडला. मुंबईत राहिलेले जर्मन वंशाचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी देशभरातून गंजिफा गोळा केले, त्यांचा अभ्यास केला आणि १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं. आपल्या आजोबांच्या हातातली वस्तू काचेच्या कपाटात गेली, याचा अभिमान वाटावा की वाईट वाटावं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मधल्या काळात राज्याचा सूर्यास्तही चांगला झाला. पाचवे खेमसावंत, म्हणजे बापूसाहेब महाराज. त्यांचं शिक्षण विलायतेत झालं, पहिल्या महायुद्धात ते मेसोपोटेमियाच्या आघाडीवर होते आणि १९२४ साली राज्यकारभाराचे अधिकार त्यांच्या हाती आले. १९३७ मध्ये, चाळिशीही गाठण्याआधी ते गेले. महात्मा गांधींनी त्यांच्या कारभाराला रामराज्य म्हटल्याची आठवण इथं आजही आदराने सांगितली जाते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. डिसेंबर १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही घटनादुरुस्तीने बंद झाले.

मला आमच्या गावाच्या इतिहासातला खरा वळणाचा क्षण इथं दिसतो. त्याच सुमाराला, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांच्या लक्षात आलं की गंजिफा करणारं जाणतं माणूस आता गावात जवळजवळ उरलेलं नाही. पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर होते. राजेसाहेब त्यांच्याकडे शिकायला बसले. सत्वशीलादेवी स्वतः रंगवायला शिकल्या. राजवाड्याच्या दरबारातच कामाच्या बैठका मांडल्या गेल्या, गावातल्या मुला-मुलींना कुंचला हातात दिला गेला आणि 'सावंतवाडी लॅकरवेअर' या नावाने काम सुरू झालं. राजेसाहेब १९९५ मध्ये गेले. सत्वशीलादेवींनी ते काम २०१८ मध्ये जाईपर्यंत सांभाळलं. पुढची पिढी आजही ते चालवते.

यात मोठेपणा कशात आहे? राजाने कलेला आश्रय दिला, ही गोष्ट आपण शेकडो वेळा ऐकली आहे. इथं उलटं झालं. देण्याघेण्याचा अधिकार हातातून गेल्यावर राजा कारागिराचा शिष्य झाला. आश्रयदाता होणं सोपं असतं, त्याला तिजोरी पुरते. शिष्य व्हायला मान खाली घालून बसावं लागतं आणि रोज बसावं लागतं. गंजिफा वाचला तो या बसण्यामुळे.

आता थोडं आजच्या वाडीबद्दल. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली आणि मुंबई एका रात्रीवर आली. पणजी ६० किलोमीटरच्या आसपास. २०२३ च्या जानेवारीत पेडण्याजवळ मोप्याचा विमानतळ सुरू झाला, तो तर तासाभराच्याही आत. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग या पट्ट्यातले कितीतरी तरुण रोज सकाळी दुचाकीने गोव्यात नोकरीला जातात आणि रात्री परत येतात. २०११ च्या शिरगणतीत गावाची वस्ती २४ हजारांच्या घरात होती. गोव्याची मिळकत आणि मुंबईची निवृत्ती अशी दोन्हीकडची माणसं आता इथं घर शोधतात. 'तलाव दिसतो का?' हा त्यांचा पहिला प्रश्न. तलाव दिसणाऱ्या खिडकीला जास्त पैसे मोजावे लागतात. ठाण्यात मासुंद्याच्या काठी किंवा कोल्हापुरात रंकाळ्यावर जे झालं, तेच आमच्याकडे लहान प्रमाणात होत आहे.

याला माझी हरकत नाही. गावात चार पैसे आले की वाचनालयाला वर्गणीदार मिळतात, नाटकाला प्रेक्षक मिळतात. कवी वसंत सावंत यांची ही कर्मभूमी. इथं गावात कविता वाचणारं माणूस चेष्टेचा विषय होत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. पण एक हिशेब मनाशी मांडून पाहण्यासारखा आहे. या गावाचं नाव ज्यांच्यामुळे झालं, त्या चितारआळीतल्या मुलाला याच गावात, याच कामावर घर चालवता येतं का? त्याच्या वडिलांनी कोरलेलं लाकडी फळांचं तबक दिवाणखान्यात हौसेने मांडलं जातं, पण घासाघीस करून. आणि महिन्याच्या ठरलेल्या पगारासाठी तो मुलगा सकाळच्या दुचाकीवर बसून गोव्याच्या रस्त्याला लागतो. त्याला दोष कोण देणार?

२०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला आणि लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे. या नावाने दुसरीकडचा माल खपवायला त्यामुळे आळा बसेल. पण मानांकन म्हणजे नावाचं संरक्षण. गिऱ्हाईक आणून देणं त्याच्या हातात नाही.

इथं मला आमच्याच मातीतली दुसरी एक कला आठवते. ती म्हणजे दशावतारी नाटक. विषय तोच, विष्णूचे दहा अवतार. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की देवळापुढच्या मांडावर रात्र-रात्र दशावतार चालतो. संकासुर येतो, लोक हसतात, पहाटे दहीकाला होतो. या कलेला कधी दिवाणखान्याचा मान नव्हता. किती संस्थानं आली आणि गेली, दूरदर्शन आलं, मोबाइल आला, तरी दशावतार उभा आहे. आणि त्याच दहा अवतारांचे पत्ते मात्र एका वृद्ध माणसाच्या हातावर येऊन ठेपले होते. असं का झालं असेल? माझं उत्तर साधं आहे. दशावतार बघणारी माणसं कधी थांबली नाहीत. गंजिफा खेळणारी थांबली.

आज गंजिफाचा संच विकत घेणारे आहेत. ते तो चौकटीत बसवतात, भिंतीला लावतात, परगावच्या पाहुण्याला भेट देतात. त्यातून कारागिराला काम मिळतं, हे खरंच आहे आणि ते थांबू नये. पण पत्ता हा हातात धरायचा असतो. संध्याकाळी तीन माणसं समोरासमोर बसली आहेत आणि गंजिफा खेळत आहेत, असं दृश्य या गावातल्या किती घरांत दिसतं? खेळ विसरला गेला की चित्राचा अर्थही हळूहळू विसरतो. माशांची संख्या नेमकी का मोजायची, प्रधान राजाखाली का, हे खेळणाऱ्याला माहीत असतं. नुसतं पाहणाऱ्याला त्याची गरज पडत नाही.

तलावाचंही असंच आहे. मोती तलाव दिसायला स्थिर दिसतो. पण दर पावसाळ्यात डोंगरावरून पाण्याबरोबर माती येते. गाळ काढला नाही, सांडवा मोकळा ठेवला नाही, काठ सांभाळला नाही, तर काही वर्षांत तिथं चिखल आणि मग गवत. १८७४ पासून प्रत्येक पिढीने हे काम केलं म्हणून आपल्याला पाणी दिसतं. तलावाकडे तोंड करून खिडकी ठेवणं वेगळं आणि तलावाचा गाळ आपला मानणं वेगळं. इथं राहायला येणाऱ्या प्रत्येकाचं मी मनापासून स्वागत करतो. त्याने फक्त पहिल्यावर थांबू नये, एवढीच अपेक्षा.

मग करायचं काय? फार मोठ्या गोष्टी मला सांगायच्या नाहीत. घरात लग्न असेल तर पाट चितारआळीतून रंगवून घ्या, आणि ठरलेल्या किमतीला घ्या. लहान मूल असेल तर लाकडी भाज्यांची एक टोपली त्याच्यापुढे ठेवा. ती पडते, झडते, रंग उडतो, आणि मग दुसरी घ्यावी लागते. कारागिराचं घर चालतं ते या दुसऱ्या टोपलीवर. शाळांनी सहलीत राजवाडा दाखवताना मुलांना कारागिराशेजारी अर्धा तास बसू द्यावं.

आणि जमलं तर गंजिफा खेळायला शिका. तीन माणसं लागतात. १२० पत्ते वाटले की प्रत्येकाला ४० येतात. हुकूम नाही, त्यामुळे नशिबापेक्षा स्मरणशक्ती जास्त लागते, कारण कुठले पत्ते पडून गेले, हे लक्षात ठेवावं लागतं. अर्ध्या रंगांत राजा-प्रधानाखाली दश्शी मोठी आणि उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा, एवढी एक गंमत आहे, ती दोन डावांत अंगवळणी पडते. दिवसा खेळत असाल तर रामाच्या राजाने सुरुवात करायची आणि दिवेलागणीनंतर बसलात तर कृष्णाच्या. कोजागरीच्या रात्री दूध आटवताना आपण जागेच असतो. त्या रात्री एक डाव मांडायला काय हरकत आहे? सुरुवात अर्थात कृष्णाची.